दुपारचा हात

माझी मुलगी हर्षिता हुबळीच्या हॉस्टेलला गेली आणि तिची खोली रिकामी झाली, तिथून हे सुरू झालं असं मी धरते. नक्की कुठून, ते मला सांगता येणार नाही. माझं काम मोजमापाचं आहे. बोम्मसंद्र्यात विजेचे मीटर बनवणाऱ्या एका कारखान्यात मी कॅलिब्रेशन विभाग सांभाळते. मीटर चुकतोय म्हटलं की किती चुकतोय, केव्हापासून आणि कशामुळं, हे तीन प्रश्न विचारायची मला सवय आहे. या बाबतीत तिन्हींची उत्तरं माझ्याकडं नाहीत. घडलं त्या क्रमानं सांगते, एवढंच.

आमचं घर बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत, सातव्या मजल्यावर. गॅलरीतून फ्लायओव्हर दिसतो आणि त्याच्यापलीकडं मेट्रोचे खांब. माझा नवरा रोशन पंपांच्या कंपनीत आहे. आठवड्यातले चार दिवस होसूर, सेलम, कोइमतूर असा फिरतीवर. जूनमध्ये सासूबाई चिकोडीहून आमच्याकडं राहायला आल्या. न्हाणीत पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून घरात फिरतात. नाव गंगव्वा, वय चौऱ्याहत्तर, नजर चांगली, कान त्याहून चांगले. रोशनचं बघून मीही त्यांना अव्वा म्हणते. सकाळी बाई येऊन भांडी-फरशी करून नऊला जाते. त्यानंतर संध्याकाळी मी येईपर्यंत अव्वा एकट्या. त्याचं मला वाईट वाटायचं, पण वाईट वाटायलासुद्धा वेळ लागतो. मी सकाळी पावणेआठला घर सोडते, सहाला येते, स्वयंपाक, उद्याची भाजी, ऑफिसचे दोन फोन, आणि दिवस संपतो.

ऑगस्टमध्ये हर्षिताचं सामान भरताना माळ्यावरून एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली आला. त्यात माझा मोर्सचा पितळी खटका होता. बेळगावात इंजिनिअरिंगला असताना मी हौशी रेडिओचा परवाना काढला होता. हौशी रेडिओ म्हणजे घरी बनवलेल्या यंत्रावरून, सरकारच्या परवानगीनं, जगातल्या तसल्याच वेड्या लोकांशी बोलणं. प्रत्येकाला एक सांकेतिक नाव मिळतं, त्याला कॉलसाइन म्हणतात. मी तोंडानं बोलत नसे, खटक्यावर मोर्स ठोकत असे, म्हणजे लांब-आखूड ठोक्यांनी अक्षरं पाठवत असे. मोर्स ठोकणाऱ्या प्रत्येकाची लय निराळी असते, हस्ताक्षरासारखी. आम्ही तिला ‘हात’ म्हणतो. माझ्या कॉलसाइनचं शेवटचं अक्षर क्यू. त्यातला शेवटचा लांब ठोका मी उगाच जरा जास्त ओढायचे. त्या ओढीवरून श्रीलंकेतले लोकसुद्धा मला ओळखायचे.

लग्नानंतर वर्षभरात ते सगळं सुटलं. वीस वर्षं झाली.

खटका हातात घेतला तर त्याची स्प्रिंग गंजली होती. मी ती बदलली. मग एका रविवारी एसपी रोडच्या सुट्या भागांच्या बाजारात जाऊन तांब्याची पाटी, ट्रान्झिस्टर, इनॅमल चढवलेली तार असं सामान आणलं. सप्टेंबरपासून पहाटे साडेपाच ते साडेसहा हा तास मी माझा ठरवला. हर्षिताच्या टेबलावर दिवा लावून सोल्डरिंग करायचं. सोल्डरमधल्या राळेचा तो कडवट धूर नाकात गेला की मला वीस वर्षं मागं गेल्यासारखं व्हायचं, आणि लगेच कुकर लावायचा आठवायचा. कॉइल गुंडाळताना वेढे चुकायचे. बोटांना चटके बसायचे. तरी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाच वॉटचं एक छोटं यंत्र तयार झालं. गॅलरीच्या कठड्यापासून समोरच्या सिल्व्हर ओकपर्यंत मी एक बारीक तार ओढली. सोसायटीत कुणाला दिसलीही नाही.

पहिला कॉल केला तो एका मंगळवारी सकाळी सहाला. तीनदा ठोकल्यावर उत्तर आलं, स्वच्छ, जुन्या वळणाचं मोर्स. नाव नरसिंहराव, ठिकाण हेब्बाळ. म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला, पण शहरातच. मी प्रणिता असं नाव सांगितलं, ठिकाण सांगितलं. त्यांनी उत्तर दिलं, पुन्हा भेटून आनंद झाला, आज तुमचा हात आखडलेला वाटतो, थंडी आहे का?

‘पुन्हा’ हा शब्द मी पेन्सिलीनं अधोरेखित केला. म्हातारा माणूस असेल, गोंधळ होत असेल, असं धरलं.

नंतर आठवड्यात एकदोनदा आमचं बोलणं व्हायचं. दर वेळी असं काहीतरी असायचंच. काल दुपारची गोष्ट अर्धी राहिली, म्हणायचे. किंवा, सासूबाईंचा खुबा कसा आहे? सासूबाई असल्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. दुपारी मी कधीच यंत्रावर नसते, मी कारखान्यात असते, असं मी स्पष्ट ठोकलं. मग त्यांनी फोन नंबर दिला आणि म्हणाले, एकदा घरी या.

मी नोव्हेंबरमधल्या एका रविवारी गेले. रोशन गावाकडं गेला होता. यंत्राचा फ्यूज मी काढून पर्समध्ये ठेवला होता. का, ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

नरसिंहरावांचं घर हेब्बाळच्या तळ्याच्या मागच्या बाजूला, खाली भाडेकरू आणि वर ते एकटे. वय एक्याऐंशी. त्यांचं घराणं बंगळुरात तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी आलेलं, त्यांची मराठी कन्नडच्या अंगानं जाणारी. सरी, सरी, बरं झालं आलात, बसा अम्मा, म्हणत त्यांनी स्वतः कॉफी केली. स्वल्प साखर जास्त झाली असेल, म्हणाले. खोलीभर यंत्रं होती, सगळ्यांवर धुतलेली फडकी घातलेली. मी बसल्यावर ते माझ्या हातांकडं बघत राहिले. मग त्यांनी त्यांची नोंदवही माझ्यापुढं ठेवली.

प्रत्येक बोलण्याची तारीख, वेळ, कॉलसाइन. माझ्या कॉलसाइनच्या सदतीस नोंदी होत्या. मी त्यांच्याशी बोलले होते सात वेळा. सातही नोंदींपुढं त्यांनी लिहिलं होतं, ‘हात आखडलेला’. बाकीच्या तीस दुपारच्या. पहिली एकोणीस ऑगस्टची. त्या दिवशी माझ्या यंत्रातला एक स्क्रूसुद्धा विकत घेतलेला नव्हता.

माझ्या कॉलसाइनची कुणीतरी चोरी करतंय, असं मी म्हणाले. असं होतं कधी कधी, परवाना नसलेले लोक दुसऱ्याचं नाव वापरतात. तक्रार करता येते. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नव्हतं. ते म्हणाले, चोरी करणारा आवाज चोरील, हात कसा चोरील? शेवटच्या क्यूची ओढ त्यांनी टेबलावर बोटानं ठोकून दाखवली. ती माझी ओढ होती. वीस वर्षांपूर्वीची. आता मला ती तशी जमत नव्हती.

ती काय बोलते, मी विचारलं.

नरसिंहराव जरा अवघडले. तिला घाई नसते, म्हणाले. दीड-दोन तास बसते. जुन्या सर्किटांबद्दल बोलते, सासूबाईंबद्दल बोलते, दोघीच असतो दुपारी, म्हणते. आणि एक गोष्ट तिनं सांगितली होती, ती सांगू की नको त्यांना कळत नव्हतं. मी सांगा म्हटलं.

“तुम्ही रेडिओ का सोडला, ते. तिनं सांगितलं, सासूबाईंनी कधी नको म्हटलं नाही. मीच सोडला, आणि नाव त्यांचं सांगितलं.”

कॉफीचा कप मी खाली ठेवला.

हे खरं होतं. नवी नोकरी लागली होती, दिवस राहिले होते, आणि एक दिवस मला जाणवलं की मला कंटाळा आलाय. कंटाळा आला असं मैत्रिणींना, कॉलेजातल्या सरांना सांगायची लाज वाटली. सासरी चालत नाही, असं मी म्हणून टाकलं. त्या काळात त्याच्यावर कुणी पुढं विचारत नसे. सगळ्यांनी माझी कीव केली, आणि कधीही न भेटलेल्या गंगव्वांना नावं ठेवली. पुढं मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. रोशनला नाही, अंजलीला नाही. अंजली माझी धाकटी बहीण, बेळगावला असते.

मी काही बोलायच्या आत टेबलावरच्या रिसीव्हरमधून आवाज यायला लागला. सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. कुणीतरी नरसिंहरावांना बोलावत होतं. सावकाश, गोल, न अडखळता. मग माझं कॉलसाइन आलं. शेवटच्या क्यूचा लांब ठोका ओढला गेला.

नरसिंहरावांनी खटक्याकडं हात नेला आणि परत घेतला. तिनं पुन्हा बोलावलं. तिसऱ्यांदा बोलावलं. मग, तुमच्याकडं पाहुणे आले असतील, नंतर बोलू, असं ठोकून ती थांबली.

बऱ्याच वेळानं नरसिंहरावांनी एक लाकडी चौकट काढली, तिच्यावर तारेचे वेढे गुंडाळलेले होते. अशी चौकट रिसीव्हरला जोडून फिरवली की सिग्नल ज्या दिशेनं येतो त्या दिशेला तो एकदम बारीक होतो. त्यांनी गेल्याच आठवड्यात दिशा काढून ठेवली होती. शहराच्या नकाशावर पेन्सिलीची एक रेघ होती. हेब्बाळपासून निघून ती दक्षिणेला जात होती. तिच्यावर निम्मं बंगळूर येतं, असं मी म्हणाले. हो, म्हणाले, आणि त्यांनी नकाशाची घडी घातली.

त्या संध्याकाळी मी अव्वांना वाढत होते. भाकरी ताटात ठेवताना त्यांनी माझं मनगट धरलं.

“परवा बोललीस ते बरं केलंस,” त्या म्हणाल्या. “मी काय मनात धरून बसले नव्हते. तरी पण बरं वाटलं.”

काय बोलले, असं विचारायला पाहिजे होतं. मी त्यांना आणखी आमटी वाढली.

रात्री रोशनला फोनवर मी अर्धंमुर्धं सांगितलं. तू दमलीयेस, तो म्हणाला. तू आणि अव्वा, दोघी कुठंतरी चार दिवस जाऊन या. कुणीतरी कॉलसाइन वापरतंय एवढंच त्याला कळलं, आणि तेवढंच मी सांगितलं होतं.

पुढचे दहा-बारा दिवस मी या प्रकाराकडं एक बिघाड म्हणून बघायचं ठरवलं. बिघाड शोधायचा असेल तर दुसऱ्या ठिकाणाहून मोजायचं. मी तशीच एक चौकट बनवली, घडी होणारी. रिसीव्हर लहान होता, पर्सएवढा. आमचा कारखाना शनिवारी एक वाजेपर्यंत चालतो. नरसिंहरावांशी ठरवलं की शनिवारी सकाळी साडेअकरापासून ते तिची वाट बघतील, आली तर बोलत राहतील. मी बोम्मसंद्र्यातून दिशा घेईन. त्यांनी होकार दिला, पण नाखुशीनं. शेवटी म्हणाले, “अम्मा, ती चांगली बाई आहे. तिनं कुणाचं काही बिघडवलं नाही.”

शनिवारी निघताना मी यंत्र, बॅटरी आणि खटका, सगळं एका पिशवीत भरून बरोबर घेतलं. तारेचं टोक सोडवून गुंडाळून ठेवलं. हर्षिताच्या टेबलावर फक्त धूळ राहिली, आणि यंत्र जिथं असायचं तिथं एक स्वच्छ चौकोन. अव्वा आंघोळ करून पूजा करत होत्या. येते, म्हटलं. त्यांनी मान हलवली.

साडेअकराला मी कारखान्याच्या कँटीनच्या गच्चीवर गेले. वर पाण्याच्या टाक्या आणि सोलरच्या पाट्या, दुसरं कुणी नव्हतं. ऊन चांगलं होतं. खालून सांबाराचा वास येत होता, शेजारच्या शेडमधून प्रेसचा धप धप आवाज. मी टाकीच्या सावलीत बसले, चौकट उघडली, कानाला हेडफोन लावला.

बारा वाजायला दहा मिनिटं असताना नरसिंहरावांचा सिग्नल बारीक ऐकू आला. ते तिला उत्तर देत होते. आणि लगेच ती.

कानातून हेडफोन काढावा लागला, एवढा मोठा आवाज. हेब्बाळचा सिग्नल कुजबुजल्यासारखा येत होता. ही शेजारी बसून ठोकत असल्यासारखी. मी आवाज कमी केला आणि चौकट हळूहळू फिरवली. एका जागी आवाज बारीक झाला. पुन्हा फिरवून बघितलं, पुन्हा तिथंच. चौकटीच्या कडेवरून मी नजर लावली. होसूर रोडच्या बाजूनं, मेट्रोच्या खांबांच्या रांगेवरून, पाच-सहा किलोमीटरवरच्या उंच इमारतींकडं. त्यातली फिकट पिवळी आमची. मी तिचे मजले मोजले नाहीत.

नकाशाची गरज उरली नव्हती.

ती बोलत होती. आज ऊन चांगलं आहे. अव्वांनी मेथी निवडायला घेतली आहे. आज मला घरी कुणीतरी शोधतंय असं वाटतं.

मी मोबाइल काढला आणि घरी लावला. अव्वांचा फोन बटणांचा, त्यावरचं नाव बघायची त्यांना सवय नाही. चार वेळा वाजला.

“हॅलो,” आवाज दबका होता.

“अव्वा, गॅलरीत कोण आहे?”

“हळू बोल की. प्रणिता बसलीया तिच्या मशीनवर.” मग जरा थांबून, “कोण बोलालीस? अंजली काय?”

अंजलीचा आणि माझा आवाज फोनवर सारखा येतो, असं सगळेच म्हणतात.

मी म्हटलं, “हो. अंजली.”

असं मी का म्हटलं, मला माहीत नाही.

एका कानाला फोन होता, दुसऱ्याला हेडफोन. फोनमधून, अव्वांच्या श्वासामागून, खटक्याचा आवाज येत होता. पितळेवर पितळ. टक, टक, टक. दुसऱ्या कानात त्याच क्षणी तेच सूर. दोन्हींत जराही मागंपुढं नव्हतं.

माझा खटका माझ्या पायाशी पिशवीत होता. मी वरून चाचपून बघितला.

“तिला देऊ काय फोन?” अव्वांनी विचारलं.

दोन्ही कानांतला आवाज एकदम थांबला.

फोनमध्ये खुर्ची सरकली.

मी फोन बंद केला.

दुपारी दोनला मी घरी पोचले. अव्वा हॉलमध्ये बसून मेथी निवडत होत्या, निम्मी झाली होती. गॅलरीत प्लास्टिकची खुर्ची होती, कठड्याकडं तोंड करून. तारेचं टोक मी गुंडाळलं होतं तसंच होतं. अंजलीचा फोन आला होता, अव्वा म्हणाल्या, पण कट झाला. मी बरं म्हटलं. खाली जाऊन वॉचमनचं रजिस्टर बघितलं. सात बेचाळीसला मी बाहेर गेले होते, एक पंचावन्नला आत आले होते. सातव्या मजल्यावर दुसरं कुणी आलेलं नव्हतं.

रविवारी धीर करून मी अव्वांना विचारलं, दुपारी मी घरी असते तेव्हा काय करते? त्यांनी माझ्याकडं बघितलं. नजर चांगली आहे त्यांची, मी आधी म्हटलंच.

“तुला म्हाईत नाही होय?” त्या म्हणाल्या, आणि उरलेली मेथी पुढं ओढली.

सोमवारी रजा टाकून मी सगळं सामान हेब्बाळला नेऊन दिलं. यंत्र, खटका, चौकट, उरलेली तार. नरसिंहरावांनी ते घेतलं, त्यावर एक धुतलेलं फडकं घातलं. पुन्हा कधी लागलं तर घेऊन जा, म्हणाले. जिन्यापर्यंत सोडायला आले.

त्यानंतर ते दर दोन-चार दिवसांनी फोन करायचे. काही नाही, अम्मा, म्हणायचे. सकाळी नाही, दुपारी नाही. दुपारची ती गप्प झाली होती. त्यांच्या आवाजात सुटल्याचा भाव नव्हता, उलट त्यांना करमत नसावं. मला मात्र हायसं वाटलं. पहाटेचा तास मी पुन्हा झोपेला दिला. डिसेंबर कामाच्या गडबडीत गेला. हर्षिता नाताळच्या सुट्टीला येऊन गेली, तिच्या टेबलावर तिची पुस्तकं पसरली, सगळं पूर्वीसारखं दिसायला लागलं.

अव्वा मात्र माझ्याशी कमी बोलायला लागल्या होत्या. रागानं नाही. जेवताना मीठ पुढं करायच्या, औषध वेळेवर घ्यायच्या, मी विचारलं की उत्तर द्यायच्या. पाहुण्या बाईशी वागावं तसं वागायच्या. मला वाटलं, त्या माझ्यावर रुसल्यात. आणि मला हेही वाटलं, की त्यांना रुसायचा हक्क आहे. त्या सगळ्या प्रकारात एक गोष्ट खरी होती, आणि ती मी त्यांना कधी तोंडानं सांगितली नव्हती. ते काम दुसऱ्या कुणी माझ्यासाठी केलं असेल तर त्यानं माझी सुटका होत नव्हती.

जानेवारीतल्या एका बुधवारी मी मुद्दाम रजा घेतली. रोशन सेलमला होता. त्या दिवशी अव्वांजवळ बसायचं, जेवायला त्यांच्या आवडीचं करायचं, आणि वीस वर्षांपूर्वीचं सगळं सांगायचं, असं मी ठरवलं होतं.

मी झुणका-भाकरी केली. आम्ही जेवलो. भांडी आवरून त्यांच्या पलंगाशी खुर्ची घेऊन बसले आणि सांगायला सुरुवात केली. मला सोपं गेलं नाही. त्या ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी माझा हात थोपटला, लहान मुलानं पाठ केलेली कविता म्हणून दाखवल्यावर थोपटतात तसा.

“कळलंय मला ते,” त्या म्हणाल्या. “आधीच.”

रस्त्यावरचा आवाज वर येत होता. अडीच वाजले. त्यांचं लक्ष घड्याळाकडं जायला लागलं. एकदा घड्याळाकडं, एकदा दाराकडं. तीनला दहा कमी असताना त्या उठल्या आणि वॉकर धरून स्वयंपाकघरात गेल्या. चहा मी करते म्हटलं तर त्यांनी करू दिला नाही. ट्रेमध्ये दोन कप होते, एक त्यांचा, एक उपडा घातलेला. मला त्यांनी चहा स्टीलच्या पेल्यात दिला.

मी चहा प्यायले. त्यांनी स्वतःचा ओतून घेतला नव्हता. पातेल्यावर ताटली झाकून तो त्यांनी शेगडीवर गरम राहायला ठेवला होता. काहीतरी सांगायचं आहे आणि समोरचीला वाईट वाटू नये, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी त्या माझ्याजवळ आल्या आणि गॅलरीकडं बघत, आवाज खाली आणून, अगदी मायेनं म्हणाल्या,

“आता तू ऑफिसला जा, बाई. तू घरात असलीस की ती येत नाही.”

मी उठले. पर्स घेतली, चपला घातल्या. काही विचारायचा माझा त्या घरात हक्क आहे असं त्या क्षणी वाटलं नाही.

दार ओढून घेताना मी मागं बघितलं. अव्वांची माझ्याकडं पाठ होती. त्यांनी शेगडीवरचा चहा उतरवला होता, आणि उपडा कप उलटून सरळ करत होत्या.